पुडीने पुसलेलं बाळ

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पुडीवाले महाराज लॅबचे रिपोर्ट फडकावत होते. "आम्ही नाही, मशीन बोलतंय! कॅन्सरचा आकडा कुठल्या कुठे पळाला! फक्त तपासणीला रक्त द्यायला जाताना आमच्या औषधाची दुप्पट पुडी घ्या. रक्तालाही श्रद्धा लागते!"

सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होती ताई. तिनं कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन रद्द केलं होतं. धाकटी बहीण त्याच लॅबची डॉक्टर. तिला हे ऐकून नुसता संताप येत होता. सोनोग्राफीत गाठ जिथल्या तिथे, आणि रक्तातला आकडा तेवढा गायब?

"ताई, चार दिवस पुडी बंद कर. पुन्हा तपासू."

"श्रद्धेला सुट्टी देतात का गं? आणि मशीन तुझंच ना?"

धाकटीनं ताईच्या डब्यातली एक पुडी गुपचूप उचलली आणि लॅब गाठली.

पुढच्या सभेला ती आली ती लॅबमधल्या गरोदर टेक्निशियनला घेऊनच. पोट चांगलं आठव्या महिन्याचं. धाकटीनं थेट माइक ओढला.

"हिच्या रक्ताच्या दोन नळ्या घेतल्या. साध्या नळीत मशीन म्हणालं, बाई गरोदर आहे. दुसरीत पुडी मिसळली, तर म्हणालं, गरोदर नाही! महाराज, मग हिच्या पोटात काय, उशी?"

हास्याचा स्फोट झाला. महाराज पुटपुटले, "लीला... ही लीला आहे..."

"कसली लीला? जीवनसत्त्व आहे, ठासून भरलेलं! आमचं मशीन रक्तातली खूण, बाळाची असो की गाठीची, पकडून खुर्चीवर बसवतं आणि मोजतं. ते पकडायला हेच जीवनसत्त्व वापरतात. पुडीतल्या फुकट्यांनी खुर्च्या अडवल्या, की खूण उभीच राहते. मशीनला वाटतं, कोणी आलंच नाही. बाळ जागेवर असतं. गाठसुद्धा."

महाराज मागच्या दारानं सटकले. लोक पोट धरून हसत होते. ताई तेवढी हसत नव्हती.

"म्हणजे माझी...?"

पुडी बंद केल्यावर आकडा आला, तो आधीच्या कितीतरी पट. धाकटीनं ताईला थेट सर्जनकडे नेलं. सर्जननं नवी फिल्म उजेडात धरली, हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, "ऑपरेशनच्या ठरल्या तारखेला आला असतात, तर गाठ काढली असती. आता पसरलीय."

तेव्हा बाबांनो, चमत्काराचा रिपोर्ट कोणी नाचवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: पुडी न घेता तपासलं, तर काय येतं? ताईनंही हेच विचारलं, पण फार उशिरा. सर्जनच्या खोलीबाहेर, बाकावर बसून.