कूलरपाशी ठेवलेल्या चपला

“काका, तुम्ही चपला काऊन नाई घालत?”

प्रश्न विचारून झाला आणि सुरभीचं हसू ओठांवरच राहिलं. फाटक धरून ती उभी होती. आत, मे महिन्याच्या तापल्या फरशीवर किसनराव अनवाणी तुळशीला पाणी घालत होते. मागे रसवंतीच्या तट्ट्याआड तिच्या मैत्रिणी हर्षा नि रक्षा तोंडात ओढण्या कोंबून खिदळत होत्या. विचारून दाखव, कुल्फी आमच्याकडून, असं ठरलं होतं. डेपोतून निवृत्त झालेला हा माणूस वर्षभर आर्वीच्या गल्ल्यांतून तसाच फिरत होता, बाजाराला तसाच, देवळात तसाच. का, ते त्याच्या तोंडावर कोणी विचारलं नव्हतं.

किसनरावांनी तांब्या खाली ठेवला. रागावले नाहीत.

“मधुकरची ना तू?”

“हो.”

“आमच्या घरी कूलरपाशी चपलांचा एक रबरी जोड राहे. पाणी भरताना घालाले. त्या दिवशी मी घाईत तोच घालून पानठेल्यावर गेलतो. इकडं प्रमिला पाणी भराले उठली.” त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. “आता कशा घालू?”

सुरभीनं पाठीमागे हात नेऊन मैत्रिणींना ‘जा’ अशी खूण केली.

प्रमिलाकाकू मागच्या मे महिन्यात कूलरचा शॉक लागून गेल्या, हे गल्लीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. चपला घातल्या असत्या तर वाचली असती बाई, असं तेरवीच्या पंगतीत प्रत्येक बाईनं म्हटलं होतं. पण हा माणूस तेच वाक्य पायांत घालून फिरतो आहे, हे सुरभीला आत्ता कळत होतं.

तिला गप्प बसवेना. ती यंदा दहावीत जाणार होती, या सुट्टीत बाबांच्या दुकानात बसून प्लग जोडायला शिकली होती, आणि टेस्टर पेनासारखा खिशात बाळगत होती.

“काका, चपलांचं काही नसते त्यात. कूलरले अर्थिंग पाहिजे. ते असलं ना, का मग पत्र्यात करंट उतरला तरी शॉकबिक काही नाई, पटकन मेन स्विच पडते. घरची लाइट जाते, माणूस नाई जात! दाखवा बरं, कुठं हाय तो कूलर?”

जिन्याखाली, पोत्यांनी झाकलेला होता. आतलं गवत वाळून काळं पडलं होतं. सुरभीनं फडक्यानं प्लग पुसला आणि स्क्रू सैल केले. पिना तीन होत्या. वायरी दोनच जोडलेल्या. तिसरी, अर्थिंगची हिरवी, बुडाशी कापलेली होती आणि तिच्या टोकावर रिफिलच्या नळीचा इवलासा तुकडा चढवलेला होता. निळी शाई अजून आत होती.

उन्हाळ्यात टेप सुटते, रिफिल नाई सुटत, असं बाबा म्हणत. वर्षभर तिच्या संपलेल्या रिफिली मागून मागून डब्यात जमा करत.

“काय झालं बेटा?”

“काही नाई काका.”

तिनं दोन्ही स्क्रू घट्ट बसवले. नळी मुठीत राहिली.

घरी बाबा जेवायला बसले होते. आई पोळ्या वाढत होती. सुरभीनं मूठ उघडली आणि नळी ताटाशेजारी ठेवली.

“किसनकाकांच्या कूलरमधली हाय.”

बाबांनी नळीकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, “दर घंट्याले मेन स्विच पडे त्यांच्या घरचा. वहिनी म्हणे, भाऊजी, कायतरी करा, उकाड्यानं जीव जाऊन राह्यला. हिरवी वायर कापली का स्विच पडणं बंद होते. सगळेच कापतात.”

“स्विच काऊन पडे, बाबा?”

बाबा कालवलेला वरणभात पुन्हा कालवू लागले.

“तू काऊन उकरून राह्यली ते आता?” आई म्हणाली. “तिनं चपला नव्हत्या घातल्या. अख्ख्या मोहल्ल्याले माहीत हाय.”

सुरभीला मागचा जून आठवला. तेरवी झाल्यावर बाबा पेटी घेऊन घरोघर गेले होते. गल्लीतला एकेक कूलर उघडून, तपासून, फुकट दुरुस्त करून दिला होता. लोक अजून नाव काढतात. ‘माझे बाबा’ या निबंधात तिनं तेच लिहिलं होतं, आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. सगळ्या घरी गेले होते बाबा. किसनकाकांच्या घरी तेवढे गेले नव्हते.

“त्यांले वाटते, काकू त्यांच्याच्यानं गेल्या,” ती म्हणाली. “त्यांचे तळपाय पाह्यले तुम्ही?”

बाबांनी ताट पुढं सारलं.

“सुरभी, पोरी, लोक दुकानावर चालून येतील,” आई म्हणाली. पोळी तव्यावर करपू लागली होती; तिनं ती उलटली नाही.

सुरभीनं खिशातला टेस्टर काढून नळीजवळ ठेवला.

“ऊन उतरलं का मी किसनकाकांकडं जाणार. बाबा, तुम्ही सोबत आले तर तुम्ही सांगजा. नाई आले, तर मी सांगीन.”