बाईंची बोलणी

मामांनी थप्पीतलं वरचं खोकं उचललं, घड्या घातल्या, झाकण खोचलं आणि ते टेबलावर उभं केलं. पुढच्या बाजूला काचेचा दिवा ऐटीत उभा होता. त्यांनी खोकं फिरवलं. मागच्या बाजूचा दिवा डोक्यावर उभा होता आणि ‘ही बाजू वर’ असं सांगणारा बाण जमिनीकडे बघत होता.

मामांनी थप्पीच्या मधलं एक ओढून काढलं. तेही तसंच. तळातलंही तसंच.

“अगं बाई गं!” चिकटवणीच्या मशीनवरून काकू वाकून बघत म्हणाल्या. “मामा, हे असंच मागितलंय का त्यांनी?”

“गप बसा हो जरा,” मामा म्हणाले.

मामा छपाईचे फोरमन होते. सख्खा भाचा एकही नव्हता, पण कारखान्यात जो येईल तो त्यांना मामाच म्हणायचा. त्यांच्या समोर आता दिवे बनवणाऱ्या कंपनीची अख्खी ऑर्डर छापून, कापून, थप्प्या लावून तयार होती, आणि ती रद्दीत घालण्यापलीकडे तिचा काही उपयोग नव्हता.

खिडकीजवळच्या संगणकासमोरून आर्टिस्टने आपली चाकाची खुर्ची वळवली आणि तो टेबलापाशी आला. खोक्यांचे आराखडे तो करायचा, म्हणून आर्टिस्ट. लहानपणच्या आजारात पाय गेले ते गेलेच. पण खुर्चीवरून तो सगळ्या मशीनांमधून कुणाला धक्का न लावता फिरायचा. त्याने खोकं हातात घेतलं आणि त्याला एका नजरेत कळलं. खोकं सपाट पसरलेलं असतं तेव्हा मागच्या बाजूचं चित्र उलटं टाकावं लागतं, तरच घडी घातल्यावर ते सुलटं दिसतं. त्याने ते सपाट पुठ्ठ्यावरच सुलटं टाकलं होतं. शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात ती चूक.

“माझं चुकलं,” तो म्हणाला.

काकूंना एकाएकी मशीनवरची धूळ पुसायची आठवण झाली. तेवढ्यात जिन्यावर बाईंच्या चपला वाजल्या.

बाई म्हणजे मालकीणबाई. त्यांचा तोंडाचा पट्टा सुटला की पुठ्ठ्याच्या धुळीलाही बाजूला व्हावंसं वाटायचं. बँकेचा साहेब, ट्रकवाला, त्यांचा स्वतःचा जावई, सगळ्यांनी त्यांची बोलणी खाल्ली होती. पण मन स्वच्छ. मशीनवर बायका घेणाऱ्या त्या पहिल्या. तेव्हा बाकीचे कारखानदार हसले होते. आर्टिस्टला कामावर घ्यायचं ठरलं तेव्हा गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी दारात उतार करून घेतला, जरासा जास्त चढणीचा वाटला म्हणून फोडून पुन्हा करून घेतला. संडासाची दारं रुंद केली, टेबलं खाली आणली. कामाच्या जागी प्रत्येकाला आपलेपणा वाटला पाहिजे, हे त्या नुसतं बोलत नव्हत्या. म्हणूनच उद्या कारखानदारांच्या मेळाव्यात त्याच विषयावर बोलायला त्यांना बोलावलं होतं, आणि व्यासपीठावर त्यांच्या शेजारी आर्टिस्ट बसणार होता.

बाईंनी उलटा दिवा पाहिला. त्यांच्या मानेवर लाल रंग चढायला लागला. सगळ्यांनी आपापल्या परीने अंग चोरलं.

“कुणी केलं हे?”

“मी,” आर्टिस्ट म्हणाला. “मागची बाजू फिरवायला विसरलो.”

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. मानेवरचा लाल रंग गिळून टाकावा तसा खाली गेला.

“असू दे हं,” त्या म्हणाल्या. आवाज आजारी माणसापाशी काढतात तसा. “होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस.”

आणि मग त्या मामांकडे वळल्या.

“तुमचं लक्ष कुठे असतं हो? इतकी वर्षं इथे काय नुसती हवा खाल्लीत? छापायच्या आधी एक खोकं घडी घालून बघायला काय धाड भरली होती?”

“बाई, मी नव्हतो. घरच्यांना दवाखान्यात घेऊन—”

“मग जायच्या आधी बघायचं! सांगून ठेवलंय ना तुम्हाला? एकदा सांगून ठेवल्यावर पुन्हा पुन्हा काय पाठीमागे लागायचं? लहान आहात का?”

मामा मान खाली घालून ऐकत राहिले. ते साठीला आले होते आणि त्यांच्या हातात अजून ते उलट्या दिव्याचं खोकं होतं. आर्टिस्टला वाटलं, कुणीतरी ते त्यांच्या हातातून घ्यावं. पण कुणी हललं नाही, आणि तोही हलला नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे लांब टेबलाभोवती बसले. बोलणी खाल्लेल्या माणसाची त्या टेबलावर खैर नसायची.

“मामांचं आज पोट भरलंय,” काकू म्हणाल्या. “डबा इकडे सरकवा. बाईंनी पोटभर वाढलंय तुम्हाला.”

“तुम्हाला गेल्या आठवड्यात वाढलं ते पचलं का पण?” मामा म्हणाले.

“माझं काय, रोजचंच आहे. पथ्य पाळल्यासारखं वेळच्या वेळी मिळतं.”

सगळे हसले. मामाही हसले, आणि सकाळचं सगळं तिथल्या तिथे संपलं. आर्टिस्टने डब्याचं झाकण उघडलंच नव्हतं.

“चूक माझी होती,” तो म्हणाला. “मग मला का नाही बोलल्या?”

“तुला कशाला बोलतील?” काकू हसत म्हणाल्या. “तुझं काम मामा बघून घेतात म्हटल्यावर...”

त्या थांबल्या. मामांनी घास तसाच हातात ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

“माझं काम मामा बघून घेतात?”

“तसं काही नाही रे,” मामा म्हणाले. “छापायला जायच्या आधी एक नजर टाकतो, इतकंच.”

“आधीच्या आर्टिस्टच्या कामावर टाकायचात?”

मामांना खोटं बोलता येत नसे. “त्याची चूक झाली की पुठ्ठा नेऊन त्याच्या टेबलावर आपटायचो,” ते म्हणाले. “चांगली भांडणं व्हायची आमची.”

“आणि माझी झाली की?”

“तुझी मीच नीट करून टाकायचो. बाईंनी सांगितलं होतं तसं, अगदी पहिल्या दिवसापासून. पोराला ताण नको म्हणाल्या. अरे, वाईट हेतूने नाही.”

वाईट हेतूने नव्हतं हे आर्टिस्टलाही कळत होतं, आणि त्यामुळे त्याला धड रागावताही येईना. आपल्या हातून चुका होत नाहीत, असं तो इतके दिवस समजत होता. घरी तसं सांगितलंही होतं, जरा मान ताठ करूनच. त्याच्या घरी हे असले लाड कधी नव्हते. लहानपणी थोरला भाऊ शेजारच्यांची फळं चोरायचा, हा खाली टोपी धरून बसायचा, आणि आई दोघांनाही सारखंच बडवायची. “तू तर खालून सगळं बघत होतास!” म्हणून एखादा धपाटा यालाच जास्त. त्या धपाट्याचं त्याला आज कौतुक वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

जेवण न करताच तो बाईंच्या केबिनकडे गेला.

बाई चष्मा नाकावर ओढून उद्याचं भाषण म्हणून बघत होत्या.

“बरं झालं आलास,” त्या म्हणाल्या. “हे ऐक. ‘आमच्याकडे कुणीही वेगळा नाही.’ कसं वाटतं? फार पुस्तकी नाही ना वाटत?”

“बाई, माझं काम मामांनी गुपचूप दुरुस्त करायचं, असं तुम्ही सांगितलंत?”

बाईंनी चष्मा काढला. “कोण म्हणालं?”

“ते जाऊ द्या. सांगितलंत ना?”

“सांगितलं. तू नवीन होतास. आधीच तुझ्यामागे कमी व्याप आहेत का? म्हटलं, इथे तरी सुखाने काम करू दे.”

“मी काम करत होतो की मला करू देत होतात?”

बाईंना हे चांगलंच लागलं. उतार बांधताना गवंड्याशी घातलेली हुज्जत, नातेवाइकांनी मारलेले टोमणे, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. पण त्यातलं एकही त्यांनी बोलून दाखवलं नाही.

“मग तुला नेमकं हवंय काय?” त्या शेवटी म्हणाल्या. “ओरडू तुझ्यावर?”

“हो.”

“अरे, असं ठरवून ओरडता येतं का माणसाला!”

“मामांवर येतं की.”

“मामांवर कशाला ठरवायला हवं? त्यांच्यावर आपोआप येतं.” बाईंना स्वतःलाच आपलं बोलणं ऐकू आलं असावं. त्यांनी भाषणाचे कागद विनाकारण एकावर एक नीट लावले. “आणि मामांनी बघणं बंद केलं आणि तुझं चुकलं, तर?”

“तर मला काढा.”

“वेडा आहेस का? दुसरीकडे कोण घेणार आहे तु—”

त्यांनी जीभ चावली. आर्टिस्टने खिडकीबाहेर बघितलं. ते खरंच होतं. त्याने दोन वर्षं दारोदार हिंडून पाहिलं होतं, आणि बहुतेक दारांना तीन पायऱ्या असायच्या.

“तरी काढा,” तो म्हणाला. “आणि उद्या मी नाही येत मेळाव्याला. तुम्ही जा. मला नवीन आराखडा करायचाय.”

“बरं,” बाई म्हणाल्या. एवढंच. बाईंचं बोलणं एका शब्दात संपल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं. बाहेर येताना आर्टिस्टला खात्री झाली, की आपण आपल्याच हाताने आपल्या पोटावर पाय आणलाय.

दुसऱ्या दिवशी बाई मेळाव्याला एकट्याच गेल्या. मामा हात पाठीमागे बांधून आर्टिस्टच्या टेबलापासून चार हात लांब उभे राहिले.

“बाईंचा निरोप आहे. आजपासून मी तुझ्या कामाकडे बघायचं नाही.”

“बरं.”

“चुकलं तर तुझं तू निस्तरायचं.”

“बरं.”

मामा गेले. जाताना त्यांनी पडद्याकडे चुकूनही बघितलं नाही. आर्टिस्टने आराखडा तासाभरात केला. कागदावर काढून कापला, घडी घातली, फिरवून बघितला. दोन्ही दिवे सुलटे. मग झाकणावरच्या अक्षरांची शंका आली. ती बघितली. मग बाणाची. मग सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून. काम पुढे पाठवताना छातीत असं धडधडायला लागतं, हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. मामांना हे इतकी वर्षं होत असेल का, असा विचार त्याच्या मनात आला. तिकडे छपाईचं मशीन थांबलेलं. काकू स्टुलावर बसून नखं बघत होत्या. एकजण उभ्या उभ्या पेंगत होता. आर्टिस्ट नवा कागद कापायला घेणार, तेवढ्यात फोन वाजला.

“अरे, कुठे आहे ते?” बाई होत्या. मागे पुष्कळ माणसांचा गलका. “दिवेवाल्यांनी मला इथे फोन केला, इथे! चार मोठ्या माणसांत माझी शोभा झाली! सकाळपासून करतोयस काय? अंडी उबवतोयस?”

“तपासत होतो बाई. पुन्हा चूक नको म्हणून—”

“तपासत होतास! तिकडे मशीन बंद, माणसं बसून, आणि साहेब तपासतायत! तुझ्या त्या तपासण्याचं काय लोणचं घालायचंय? एक चूक केलीस म्हणून आता जन्मभर कागद कापत बसणार आहेस का? अक्कल काय गहाण ठेवलीस? आज गाडी भरून गेली नाही ना, तर उद्या माझ्यापुढे उभा राहू नकोस, सांगून ठेवते!”

‘उभा राहू नकोस’ असं आपण कुणाला म्हणून गेलो ते बाईंच्या लक्षात आलं नाही. आर्टिस्टच्याही आलं नाही. त्याचे कान तापले होते.

मागून ध्वनिक्षेपकावर कुणीतरी मधाळ आवाजात बोलायला लागलं. “...आपल्या कारखान्यात ज्यांनी प्रत्येकाला मायेने सामावून घेतलं, एका शब्दानेही कधी कुणाला दुखावलं नाही, अशा...”

“आले हो, आले! एक मिनिट थांबा की!” बाई तिकडे ओरडल्या आणि परत फोनवर आल्या. “ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.”

“नुसता ऐकू नकोस, पाठव!”

टाळ्या सुरू झाल्या. घाईत बाईंनी फोन बंद केलाच नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी माईक ठोकून बघितला, आणि मग बाईंचा आवाज लांबून, एकदम मऊ होऊन आला. पहिलं वाक्य सुरू झालं तसा आर्टिस्टने फोन बंद केला. ऐकायला त्याला वेळ नव्हता.

त्याला राग आला होता. खराखुरा राग. अंडी उबवण्याचं तर फारच लागलं होतं. सकाळपासून जीव काढून काम करणाऱ्या माणसाला हे असलं बोलायचं म्हणजे काय? रागाच्या भरात त्याने नवा कागद बाजूला फेकला, पडद्यावरच्या आराखड्यावरून एकदाच नजर फिरवली आणि तो छपाईकडे पाठवून दिला.

मामा तोवर जवळ आले होते. काकूही स्टुलावरून उठल्या होत्या.

“बाईंचा फोन?” मामांनी विचारलं. “काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? झाडलं.”

“कुणाला?”

“मला.”

काकूंनी मामांकडे बघितलं. मामांनी आर्टिस्टकडे बघितलं, त्याच्या लाल झालेल्या कानांकडे. ते हसले नाहीत, की त्याच्या पाठीवर त्यांनी हातही ठेवला नाही.

“मग बरोबरच आहे,” मामा मशीनकडे जात म्हणाले. “तुझ्यापायी आम्ही सकाळपासून खोळंबलोय.”