तक्रारपेटीची जागा

नव्या कायद्याने मुलींच्या निरीक्षणगृहातल्या तक्रारपेटीची किल्ली बाहेरच्या समितीकडे आली, म्हणून समितीच्या सदस्य, जुईनगरच्या अरुणाताई पेटी उघडायला गेल्या. आत एकही चिठ्ठी नव्हती.

"बघा, तक्रारच नाही!" अधीक्षकबाई म्हणाल्या.

चाळीस मुली, आणि एकीचंही काही म्हणणं नाही? अरुणाताईंना राहवेना. अंगणात एकट्या बसलेल्या क्षिप्राला त्यांनी विचारलं.

"पेटी मॅडमच्या टेबलासमोर हाय, ताई. जवळ गेलं की त्याच विचारतात, काय गं, माझ्याबद्दल लिहिलंस? माझा दहावीचा फॉर्म उद्यापर्यंत भरायचाय, आणि मॅडम भरतच नाहीत. त्याचीच चिठ्ठी पंधरा दिवस खिशात हाय."

"मग पेटी लावू कुठे?"

"न्हाणीघराजवळ. तिकडे मॅडम नाक धरूनपण येत नाहीत!"

अरुणाताई तिथे उभं राहून सुताराकडून पेटी लावून घेऊ लागल्या. सुतार अजून खिळाच ठोकत होता, तोवर क्षिप्राने चिठ्ठी आत सरकवली. अरुणाताईंनी लगेच किल्ली फिरवली आणि चिठ्ठी घेऊन त्या तिचा फॉर्म भरायला निघाल्या.