न दिलेली तार

डोळे तपासायला आप्पासाहेब वैजापूरहून शहरात आले, की त्यांचं दुपारचं जेवण उस्मानपुऱ्यात राजकुमार साळव्यांकडं असायचं. दोघांनी तार ऑफिसात चोवीस वर्षं एकत्र काढलेली. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी समोरासमोर बसले की दोघांची बोटं टेबलावर चालू व्हायची. टकटक, टक. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. घरच्यांसमोर जे बोलता येत नाही ते तारेच्या मोर्स लिपीत बोलायची त्यांची जुनी खोड होती.

त्या शनिवारी नात मेघा घरी होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

"आजोबा, कॉलेजात हॅम रेडिओचा, हौशी बिनतारी संदेशांचा क्लब निघालाय. मोर्स शिकू का? मैत्रिणी हसतात. म्हणतात, मोबाईल असताना टकटक कशाला?"

"बरोबरच म्हणतात," राजकुमार म्हणाले. "तार बंद झाली, मशिनी भंगारात गेल्या. तेवढ्या वेळात दुसरं काही शीक."

"पण पुरात टॉवर पडले तरी हे चालतं. आवाज नीट पोचत नाही तिथंही टकटक पोचते."

"पूर आला की बघू," आप्पासाहेब हसले.

रत्नमाला चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. मेघा त्यांच्याकडं वळली. "आजी, तू तरी सांग यांना. तू शिकलेली आहेस. बरं, डी.एड. करून तू नोकरी का नाही गं केलीस?"

"मुलाखतीचं बोलावणं हातात पडायला पाहिजे होतं," रत्नमाला म्हणाल्या आणि कप मांडू लागल्या.

आप्पासाहेबांचं बोट हललं. *अजून सांगितलं नाहीस?*

राजकुमारांनी उत्तर दिलं. *आता कशाला. सोड.*

रत्नमालांनी खुर्ची ओढली. बसल्या. ट्रेमधला चमचा उचलला आणि त्याच्या दांड्यानं टेबलावर ठोके द्यायला लागल्या. हळू, पण एकही ठोका चुकत नव्हता. राजकुमारांनी सवयीनं अक्षरं जुळवली. कोण वाजवतंय हे ध्यानात यायच्या आधीच वाक्य पुरं झालं होतं.

*तार आली होती. सोळा जून. नांदेड.*

राजकुमारांच्या हातातला कप कलंडला. चहा मांडीवर सांडला, पण भाजल्याचं त्यांना कळलंही नाही. आप्पासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची ती तार राजकुमारांनी स्वतःच्या हातानं उतरवून घेतली होती. नांदेडकडच्या एका शाळेत रत्नमालाला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलगा प्रणय तेव्हा आठ महिन्यांचा, आई अंथरुणाला खिळलेली. उद्या देऊ म्हणून त्यांनी कागद खिशात ठेवला. तारीख टळून गेली, मग फाडून टाकला.

"तुला हे येतं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या स्पीडच्या परीक्षेच्या सरावाला वही धरून कोण बसायचं? चुकलात की कोण सांगायचं?"

"पण तारेचं तुला कधी कळलं?"

"प्रणय चौथीत होता. तुम्ही दोघं असेच बसला होतात, मी भाकरी थापत होते. तुम्ही भाऊजींना सगळं सांगितलंत. माझी भाकरी करपली. तुम्ही मलाच म्हणालात, लक्ष कुठंय तुझं?"

"तीस वर्षं झाली त्याला!"

"व्हय. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग थांबायचीच सवय लागली."

"काय चाललंय?" मेघा ओरडली. "कुणीतरी नीट बोला ना!"

राजकुमारांचं बोट टेबलावर चाचपडलं. *मा... फ...* रत्नमालांनी ते बोट आपल्या तळव्याखाली दाबलं.

"तोंडानं बोला. पोरीला ऐकू जाऊ द्या."

खाली रिक्षावाला हॉर्न देत होता.

"तुझ्या आजीच्या मुलाखतीची तार मी घेतली होती," राजकुमार म्हणाले. "तिला दिली नाही. फाडली."

मेघा त्यांच्याकडं वळली. "आणि दर जयंतीला विहारात मुलींच्या शिक्षणावर तुम्हीच बोलता?"

राजकुमार सांडलेला चहा पुसू लागले.

आप्पासाहेब उठले. "वहिनी, मीही गप्प बसलो. मीही गुन्हेगार आहे."

"आहात," रत्नमाला म्हणाल्या.

संध्याकाळी त्या बहिणीकडं, कडूबाईकडं पडेगावला निघून गेल्या. प्रणयनं फोन केला, तर म्हणाल्या, "बापाला विचार." राजकुमारांनी मुलालाही सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. प्रणयनं अर्ध्यातच फोन ठेवून दिला.

पाचव्या दिवशी राजकुमार पडेगावला गेले. रत्नमाला फाटकापर्यंत आल्या. "मला अजून यायचं नाही," एवढंच म्हणाल्या. ते रिक्षानं परतले. वाटेत त्यांना कळेना, आपण तीस वर्षं कुणासोबत राहत होतो. रोज ताट वाढणारी ही बाई सगळं जाणून होती. आजारपणात आपलं डोकं चेपतानाही जाणून होती.

नवव्या दिवशी त्या आपणहून आल्या. पिशवी टेकवायच्या आधीच म्हणाल्या, "समोरच्या खोलीत मी शिकवणी घेणार आहे. तुमची कॉट आत हलवा."

त्यांनी एकट्यानंच कॉट ओढत आत नेली.

आता चार वाजता अकरा पोरं येतात. रत्नमाला लागेल तेवढंच बोलतात. परवा दारात येऊन म्हणाल्या, "खडू संपलेत." राजकुमार चपला घालून निघाले, तेव्हा खोलीत सतराचा पाढा चालू होता.