पडद्यावर न आलेलं नाव

मित्रांनो, तमिळ मुलखात, समुद्रकाठच्या अड्यारच्या एका इस्पितळात जिन्याखाली, फाटक्या गाद्यांमागे, जाड काचेचा एक संगणक धूळ खात पडला आहे. तोच मी. इथल्या खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले. आता भंगारात जायचं, एवढंच राहिलं आहे. त्याआधी विद्युलताची हकीकत तुमच्या कानावर घालतो.

दोन हजार चारच्या सुमारास मला नवाकोरा आणून शस्त्रक्रिया विभागाबाहेर उंच फळीवर बसवलं. तोवर कुणाच्या नातेवाइकांना आत बोलवायचं असलं, की मानाजी नावाचा वॉर्डबॉय दारात येऊन ओरडायचा. आता सिस्टरने आत रुग्णाचं नाव टाइप करायचं आणि मी ते मोठ्या अक्षरांत दाखवायचं, असं ठरलं. मानाजीला धोबीखान्यात पाठवलं.

माझ्यावरचं वेबपान विद्युलताने लिहिलं होतं. ती साताऱ्याची, जवळच्याच एका छोट्या कंपनीत नोकरीला. मन लावून काम करणारी मुलगी. पान तयार झाल्यावर तिने स्वतःचंच नाव घालून पाहिलं. ते पडद्यावर झळकलं, तशी ती लहान मुलीसारखी हसली. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. सुरुवातीला एका वेळी एकच नाव यायचं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं.

एका सोमवारी प्रतापसिंह आपल्या पत्नीला, धनलक्ष्मींना, घेऊन आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, तंजावरी मराठी बोलणारे गृहस्थ. धनलक्ष्मींच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. काउंटरवरची मुलगी त्यांना तमिळमध्ये आदराने म्हणाली, "अय्या, इथेच बसा. बोर्डावर नाव आलं की आत या."

ते माझ्यासमोर बसले. पाणी प्यायलाही उठले नाहीत.

आत धनलक्ष्मींनी नवऱ्याला भेटायचं म्हणून सांगितलं. सिस्टरने नाव टाइप केलं. त्याच वेळी आणखी दोन रुग्णांची नावं पडली. मी तिघांसाठी पडदा बदलला, पण प्रत्येक वेळी दाखवलं ते शेवटचंच नाव. धनलक्ष्मींनी पुन्हा विचारलं, सिस्टरने पुन्हा नाव टाकलं, पाठोपाठ पुन्हा दुसरी नावं पडली, आणि मी पुन्हा तसंच केलं. माझ्यावर जे लिहिलं होतं, तेवढंच मला येत होतं. दारात येऊन हाक मारायला आता मानाजी नव्हता, आणि सिस्टर दाराबाहेर डोकावली नाही. म्हातारे चहाला गेले असतील, असं तिला वाटलं. धनलक्ष्मींना शस्त्रक्रियेसाठी नेलं.

त्या परत आल्या नाहीत.

प्रतापसिंह तिथेच बसून होते, तरी नाव दिसलंच नाही, अशी सिस्टरने तक्रार केली, म्हणून दुसऱ्या दिवशी विद्युलताला बोलावलं. तिने तीन नावं घालून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, चूक माझी आहे," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "नाव क्षणभराने पडद्यावर आणायला मी प्रत्येकासाठी वेगळा टायमर लावला, पण फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्यात, नाव ठेवायला जागा एकच केली. टायमर वाजायच्या आत दुसऱ्या नावाने पहिलं पुसलं, तिसऱ्याने दुसरं. टायमर वाजले तेव्हा तिघांनाही तिसरंच मिळालं. मी एकाच नावावर तपासलं होतं."

"दुरुस्त करा आणि जा. त्या म्हाताऱ्यांनी विचारलं, तर करंट गेला होता म्हणून सांगा."

तिने दुरुस्ती केली. प्रत्येक टायमरला स्वतःचं छोटं फंक्शन दिलं आणि त्याचं नाव त्याच्याच हाती सोपवलं. चार ओळींचं काम. तेवढ्यात प्रतापसिंह कागद न्यायला आले. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, त्यांचं नाव आतून टाकलं होतं. माझ्या चुकीमुळे ते बोर्डावर आलं नाही."

त्यांना कळायला वेळ लागला. "म्हणजे तिनें मला बोलावलें होतें?"

"हो. दोनदा."

प्रतापसिंह कालच्याच खुर्चीत बसले आणि विद्युलताला म्हणाले, "'आजार लपवलास' म्हणून मी काल सकाळीं तिजवर रागें भरलों, अम्मा. वाटलें, म्हणून तिनें बोलावलेंच नाहीं. रातभर तेंच वाटत होतें." मग ते ओंजळीत तोंड लपवून रडले. विद्युलता त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, की तिला शापही दिला नाही. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी कितीतरी नावं बिनचूक दाखवली. पण माझं कौतुक करणारा कुणी समोर आला, की मला ती खुर्ची दिसायची. पुढे पातळ पडदे आले आणि मी इथे आलो. विद्युलताने ती नोकरी सोडली, एवढं कळलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी माझ्यासारख्या यंत्रांसाठी काही लिहील. लिहिलेलं आपलं एकच नाव घालून चाललं, म्हणून पुढे पाठवू नका. आणि तरीही चूक झाली, तर ज्याचं नुकसान झालं त्याच्यापुढे जाऊन सांगा. त्याने त्याचं दुःख हलकं होईलच असं नाही, हे मी पाहिलं आहे. तरीही सांगा.