मला लागलेली घरघर

मी गिटारवाल्याच्या खोलीतला अ‍ॅम्प्लिफायर. माणसाला घरघर लागली की घरचे भोवती जमतात. मला ती ऐन तरुणपणी लागली आणि तिच्यावर एका माणसाने आपलं आयुष्य उभं केलं.

माझी पहिली नोकरी एका शाळेच्या सभागृहात होती. तिथे मी भाषणं मोठ्याने ऐकवायचो. छोटी करणं माझ्या हातात नव्हतं. पुढे माझ्या पोटातला एक कंडेन्सर सुकला आणि बटण दाबलं की मी 'घूंऽऽ' करू लागलो. शाळेने मला दुरुस्तीच्या दुकानात टाकलं आणि दुसरा आणला. मला न्यायला कोणी आलं नाही.

दुकान दादाचं होतं. पंखे, मिक्सर, रेडिओ. दादाच्या हातून गेलेली वस्तू पुन्हा कुरकुरत नाही अशी त्याची ख्याती. त्याचा धाकटा भाऊ लग्नसमारंभांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. दादाने मला त्याच्याकडे सरावापुरतं दिलं.

"सवड झाली की ही घरघर काढून देतो," दादा म्हणाला.

धाकट्याने बटण दाबलं आणि तो ऐकत बसला. चहा गार झाला. मग त्याने गिटारच्या सगळ्या तारा ढिल्या करून एकेक माझ्या सुराशी जुळवली.

"दादा, हिला हात लावू नकोस," तो म्हणाला.

त्यानंतर तो ऑर्केस्ट्रात फार टिकला नाही. तो तारांत चमचा खोचायचा, कपड्यांचे चिमटे अडकवायचा, बॅटरीवरच्या पंख्याची पाती तारांना टेकवायचा. एका लग्नात त्याने हे सगळं एकदम केलं. ऑर्केस्ट्राच्या मालकाने त्याला जेवून जायला सांगितलं, परत यायला सांगितलं नाही.

दादा भडकला. "लोक बिघडलेल्या वस्तू माझ्याकडे आणतात, आणि तू घरात बसून चांगल्या बिघडवतोस!"

"बिघडवत नाही रे. ऐकतो."

"मग कान दाखव कुणाला तरी."

तेव्हापासून दोघं भिंतीच्या दोन बाजूंना राहिले. बोलणं उरलं ते पाण्याच्या मोटरपुरतं. धाकट्याच्या एकाही मैफलीला दादा आला नाही.

मैफली मात्र होत राहिल्या. सुरुवातीला श्रोते मोजके, त्यांतलेही काही चुकून आलेले. एकदा एक गृहस्थ बराच वेळ मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "सुरू कधी करणार?" पण हळूहळू खुर्च्या भरू लागल्या. एका समीक्षकाने लिहिलं, की या संगीतात यंत्रांचं मौन बोलतं. मला आजवर लोकांनी पुष्कळ काही म्हटलंय. मौन कोणी म्हटलं नव्हतं.

आणि मग शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. धाकट्याने तासाभराची नवी रचना बांधली. आधी मी एकटाच घुमणार, मग एक तार माझ्याजवळून किंचित वर सरकणार, आणि त्या दोन सुरांतलं भांडण लोकांनी ऐकायचं. मी नसलो तर भांडायला कोणी नव्हतं.

"भाऊजी, या वेळी हे येतायत," वहिनी सांगायला आली. "कालच शर्ट इस्त्री करून ठेवलाय. मी विचारलं तर म्हणाले, असाच केला."

 त्या दिवशी धाकट्याने चमचा घासूनपुसून लख्ख केला.

कार्यक्रमाच्या दुपारी तो नव्या तारा आणायला गेला आणि दादा हत्यारांची पेटी घेऊन खोलीत शिरला. त्याने मला पालथा घातला.

"माझ्या दुकानातून गेलेली एकच वस्तू चारचौघांत घुरघुरत फिरते," तो मला म्हणाला. "एवढ्या मोठ्या जागी तरी पोराची शोभा नको."

त्याने कंडेन्सर बदलला, आतली धूळ फुंकली, स्क्रूंना नवे वॉशर घातले. काम सुरेख झालं. माझी तक्रार होती, पण ती करायचा आवाजच गेला होता.

धाकट्याला यायला उशीर झाला. त्याने मला तसाच गाडीत टाकला. सभागृहात पोचलो तेव्हा लोक बसलेले होते. त्याने माझं बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि त्यापुढे काही नाही.

त्याने प्लग पाहिला, वायर हलवली. मग वाकून माझी पाठ पाहिली. वॉशर चमकत होते. त्याने मान वर केली. पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून दादा बसला होता, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा ताठ.

संयोजक जवळ आले. "काही बिघाड आहे का?"

"नाही," धाकटा म्हणाला. "काहीच नाही."

निवेदकाचा माईक त्याने तोंडाजवळ ओढला, ओठ मिटले आणि माझा सूर स्वतः लावला. घूंऽऽ. श्वास संपला की सुरात भोक पडे, ते बुजवायला तार छेडावी लागे. घामाने त्याचा सदरा भिजला. रचनेत नसलेल्या जागा तयार झाल्या, आणि तासभर तो त्यांतून वाट काढत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर दादा पडद्यामागे आला.

"आज पहिल्यांदा तुझी गिटार स्वच्छ ऐकली. कंडेन्सर मीच बदलला. सांगणार नव्हतो, पण राहवेना."

"कळलं मला."

"कसं काय?"

"शांत वाटलं, दादा."

"पण भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुम्ही सारखं हूं हूं का करत होतात? पोटात दुखत होतं का?"

"अगं, ते त्याच्या संगीतात असतं," दादा तिच्यावर खेकसला. "तुला नाही कळायचं."

धाकटा खाली बसून गिटारच्या पेटीची कडी लावत होता. ती लागायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने माझी पाठ उघडली. घरघर परत आणायला एक वायर काढली असती तरी काम झालं असतं. त्याने दादाने कथिलाचा डाग देऊन जोडलेले सांधे पाहिले, नवा कंडेन्सर बोटाने पुसला आणि स्क्रू पुन्हा बसवले, वॉशरसकट.

आता मैफलीत तोच घुमतो. त्याचा माईक माझ्यातच जोडलेला असतो. दादा दर कार्यक्रमाला येतो आणि परतताना सूर कुठे घसरला ते सांगतो. पाण्याच्या मोटरचा विषय मागे पडला आहे.

तुमच्या घरात काही घुरघुरत असेल, तर दुरुस्त करण्याआधी घरच्यांना एकदा विचारा, एवढंच सांगणं. माझी प्रकृती उत्तम आहे. धाकटा श्वास घ्यायला थांबतो तेव्हा त्याला हात द्यावा म्हणून मी सवयीने जोर लावतो. काही येत नाही. दादाचं काम पक्कं असतं.