चेंडूचं नाव आणि मावशीचा पाय

पोलो हा राजांचा खेळ आहे. शौर्य, संयम आणि घोडा या तिन्हींवर ज्याची मांड पक्की, त्यालाच तो साधतो. असं क्लबाच्या दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत लिहून ठेवलेलं आहे. प्रत्यक्षात तो साधायला पदरी चार-पाच घोडे लागतात. मांडीचं काय ते नंतर डॉक्टर बघतात.

मैदानाच्या कडेला काचेची एक उंच खोली होती. तिच्यात बसून प्राध्यापक सामन्याचं समालोचन करत. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी काही दिवस बायकोच्या स्वयंपाकाचं समालोचन करून पाहिलं. शेवटी बायकोनंच धाकट्या भावाला गळ घातली, ‘‘यांना कुठेतरी चिकटव बाबा.’’ भाऊ क्लबात मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, दाणापाणी बघायचा, सामन्याआधी फिरवून आणायचा. ज्या मेहुण्याला प्राध्यापकांनी जन्मभर ‘शिकला असतास तर’ म्हणून ऐकवलं, त्याच्याच वशिल्यानं त्यांना माईक मिळाला. ही गोष्ट दोघंही कधी काढत नसत. मेहुणा चांगुलपणानं, प्राध्यापक सोयीनं.

माईकबरोबर क्लबाच्या चिटणीसांनी एक ताकीदही दिली होती. मैदानात घोडा पडो की माणूस, त्याचा उच्चार करायचा नाही. पाहुण्यांचा विरस होतो. आधीच्या समालोचकानं भर सामन्यात ‘अरेरे, गेला बहुतेक’ असं म्हटलं होतं. घोडा वाचला, समालोचक गेला.

त्या दिवशी मध्यंतरात प्राध्यापकांना खास भाषण करायचं होतं. ‘या खेळाला पोलो का म्हणतात?’ असं प्रमुख पाहुण्यांनी सहज विचारलं होतं आणि चिटणीसांनी ते मनावर घेतलं होतं. प्राध्यापकांनी आठवडाभर तयारी केली. दूरच्या एका डोंगराळ मुलखातल्या बोलीत पोलो म्हणजे चेंडू, बस्स. घाम घोड्याचा, कप स्वाराचा आणि नाव चेंडूचं, हे त्यांचं लाडकं वाक्य. घरी त्यावर कोणी हसलं नव्हतं.

सामन्यासाठी ठरलेला एक घोडा सकाळीच लंगडायला लागला, म्हणून त्याच्या जागी मावशीला घेतलं. मावशी म्हणजे तबेल्यातली सगळ्यात म्हातारी घोडी. माणूस असती तर देवदर्शनाला लागली असती. मोसम संपला की तिला मोतद्दाराच्या हवाली करायचं ठरलं होतं. त्यानं घरामागे तिच्यासाठी छपरीही घातली होती. ‘‘आज तिला नको, तिच्यात दम नाही,’’ असं तो दोघातिघांना म्हणाला. दोघातिघांनी मान हलवली आणि खोगीर घातलं.

मध्यंतराच्या जरा आधी मावशीचा पुढचा पाय मुडपला. माणसांनी तिला चटकन बाहेर नेलं. प्राध्यापकांनी ताकीद पाळून आकाशाचं वर्णन केलं.

मध्यंतर झालं. रिवाजाप्रमाणे पाहुणे मंडळी मैदानात उतरली आणि टापांनी उखडलेली हिरवळीची ढेकळं बुटांनी दाबत हिंडू लागली. प्राध्यापकांनी कानांना हेडफोन लावले, घसा खाकरला आणि चेंडूला हात घातला. पहिल्याच वाक्याला टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुण्यांनी मोठंसं ढेकूळ दाबलं होतं, हे त्यांना वरून दिसलं नाही.

तेवढ्यात दार ढकलून मोतद्दार आत आला.

‘‘भाऊजी, घोडे न्यायच्या गाडीसमोर कुणीतरी आपली मोटार लावून गेलंय. काळी. आत ड्रायव्हर नाही. तेवढं पुकारा.’’ त्यानं तळहातावर नंबर लिहून आणला होता.

प्राध्यापकांनी माईकवर हात धरला. ‘‘चिटणीसांना विचारलंस?’’

‘‘ते पाहुण्यांबरोबर ढेकळं दाबतायत. मला दोरीच्या आत कोण सोडतोय?’’

‘‘मग मी कसं...’’

‘‘पाय बांधलाय तिचा. डॉक्टर म्हणतात, मोठ्या दवाखान्यात पोचली तर वाचेल. पण उभी आहे तोवरच. बसली की संपलं.’’

‘‘हे बघ, भाषण झालं की मी स्वतः खाली येऊन...’’

‘‘भाऊजी, ती तीन पायांवर उभी आहे. तुम्ही चार पायांच्या खुर्चीवर बसलायत.’’ मोतद्दारानं माईककडे बोट केलं. ‘‘चेंडूचं बारसं नंतर करा. आधी मोटार हलवा म्हणा.’’

आणि तो तळहात दाखवून, तसाच पळत खाली गेला.

प्राध्यापकांनी पुढचं वाक्य सुरू केलं. ते अर्ध्यात थांबलं. काचेतून तबेल्याचं छप्पर दिसत होतं, काळ्या मोटारीचा टपही. त्यांना पुढच्या वर्षीचा माईक आठवला, घरातलं स्वयंपाकघर आठवलं. मग, आयुष्यात प्रथमच, टाचणात नसलेलं वाक्य ते बोलले.

‘‘एक विनंती आहे. काळी मोटार तबेल्याच्या वाटेत उभी आहे. कृपया हलवावी.’’ त्यांनी नंबर सांगितला.

कोणी हललं नाही. खाली ढेकळं दाबणं चालू होतं.

त्यांनी पुन्हा सांगितलं, कृपया वगळून. एक बाई हसत होत्या. एक गृहस्थ बुटाची टाच न्याहाळत होते. तेव्हा प्राध्यापक उभे राहिले. ‘‘अहो, तिकडे एक घोडी मरायला टेकलीय! माणसं असाल तर मोटार काढा! चिटणीस, हे तुम्हालाही सांगतोय!’’ हेडफोनमधून त्यांचाच आवाज त्यांच्या कानांत असा घुमला की ते स्वतः दचकले. मैदानात मात्र एक मानही वळली नाही. इतकी निगरगट्ट माणसं त्यांनी स्टाफरूममध्येही पाहिली नव्हती.

त्यांनी हेडफोन काढून फेकले आणि जिना उतरले.

ते पोचले तेव्हा मावशी बसली होती. डॉक्टर रिकामी सुई पेटीत ठेवत होते. मोतद्दारानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो तिच्या आयाळीतल्या गवताच्या काड्या एकेक करून काढत होता, जणू तिला अजून कुठे जायचं होतं.

मागून तेच टाच न्याहाळणारे गृहस्थ किल्ली फिरवत आले. ‘‘अरेच्चा, माझी मोटार आड येत होती का? सांगायचं ना!’’

‘‘तीनदा सांगितलं!’’ प्राध्यापक कडाडले.

‘‘कुठे?’’ गृहस्थ मनापासून म्हणाले.

मोतद्दारानं मान वर केली नाही. ‘‘राहू द्या भाऊजी. नाही पुकारलंत तुम्ही. मी इथे कान लावूनच होतो.’’

‘‘आईशप्पथ पुकारलं रे! नंबरासकट! चिटणीसांचं नाव घेऊन ओरडलो. गेली आता नोकरी माझी.’’

‘‘ताईला सांगा तसं,’’ मोतद्दार म्हणाला. ‘‘मी काही बोलणार नाही.’’

भिंतीशी वायरमन तारेचं वेटोळं करत होता. प्राध्यापकांनी त्याचा दंड धरला. ‘‘तू सांग याला. तू तर ऐकलंस?’’

‘‘नाही बुवा,’’ वायरमन म्हणाला. ‘‘प्रमुख पाहुण्यांच्या आईचं डोकं दुखत होतं. चिटणीसांनी पहिल्या डावानंतरच कर्णे बंद करायला लावले. हेडफोनची तार वेगळी आहे.’’